बर्फाच्या शाळेचा मास्तर : हानेस श्नायडर

११ फेब्रुवारी १९३९. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील नॉर्थ कॉनवे या लहानशा गावाच्या रेल्वे स्थानकावर त्या दिवशी जणू सारे गाव लोटले होते. शाळकरी मुलांनी समोरासमोर दोन रांगा धरल्या होत्या आणि स्कीइंगच्या काठ्या उंचावून त्यांची कमान उभारली होती. गाडीतून उतरलेले ४८ वर्षांचे एक गृहस्थ आपली पत्नी आणि दोन मुलांसह त्या कमानीखालून चालत गेले. वर्षभरापूर्वी मायदेशातच त्यांना तुरुंगात डांबण्यात आले होते. हयातभर खपून उभारलेली शाळा हातातून गेली होती, घर सुटले होते, गाव परके झाले होते. बरोबर आणता आली होती ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे शिकविण्याची विद्या. या गृहस्थांचे नाव हानेस श्नायडर.

आपल्याकडे बर्फ पाहावयाचा तर गुलमर्ग किंवा मनालीची वाट धरावी लागते. त्यामुळे पायांना लांब पट्ट्या बांधून हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ मराठी वाचकाला बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच भेटतो. आल्प्सच्या परिसरात आणि उत्तर अमेरिकेत मात्र या खेळावर गावेच्या गावे जगतात. तिथे हा विषय महाविद्यालयात रीतसर शिकविलाही जातो. कोलोरॅडो राज्यात सुमारे १० हजार फूट उंचीवर लेडव्हिल नावाचे जुने खाणगाव आहे. तेथील कोलोरॅडो माउंटन कॉलेजने स्की केंद्र चालविण्याचे आणि निसर्गातील साहसी उपक्रमांचे नेतृत्व करण्याचे शिक्षण अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसविले. उतारांची निगा, हिमलोटांचे धोके, माणसे वर नेणारी यंत्रे, नवशिक्यांची सुरक्षितता, गट सांभाळण्याची हातोटी असे सारे विषय अशा शिक्षणात येतात. ही विद्या शिकविण्याजोगी आहे, तिलाही पायऱ्या असतात आणि तिचेही शिक्षक घडवावे लागतात, ही जाण मात्र या महाविद्यालयांच्या कितीतरी आधीची. ती रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांत श्नायडर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

श्नायडर यांचा जन्म २४ जून १८९० रोजी ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, आर्लबर्ग घाटातील श्टूबेन या चिमुकल्या गावात झाला. एकेकाळी या घाटातून वाहतुकीचा राबता असे. १८८४ मध्ये आर्लबर्गच्या पोटातून रेल्वेचा बोगदा निघाला आणि घाटरस्त्यावरची वर्दळ ओसरली. रेल्वेने बाजूला टाकलेल्या श्टूबेनमध्ये हिवाळा म्हणजे महिनोन् महिने बर्फात अडकून पडणे. याच बर्फाच्या जोरावर पुढे साऱ्या आर्लबर्गचे दैव पालटणार आहे, हे त्यावेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

लहानपणी हानेसने व्हिक्टर झोम नावाच्या स्कीपटूला या परिसरात घसरताना पाहिले आणि त्याला या खेळाचे वेड लागले. ब्रेगेन्झहून येणारे झोम हे त्या भागातील आद्य स्कीपटूंपैकी एक. त्यांनीच पुढे या मुलाला हाताशी धरले आणि शिकविले. १९०१ मध्ये घाटमाथ्यावरील सेंट क्रिस्टोफ येथे स्की क्लब आर्लबर्गची स्थापना झाली होती. शहरांतील हौशी मंडळी हिवाळ्यातही डोंगराकडे वळू लागली होती. घाटाच्या पूर्वेला, बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या सेंट अँटन या गावात रेल्वे स्थानक होते. तेथील हॉटेल पोस्टचे मालक कार्ल शूलर यांनी एक व्यवहारी गोष्ट हेरली. बर्फ पाहायला आलेला पाहुणा दोन दिवसांत कंटाळून परततो. पण त्याला स्कीइंग शिकविले तर तो आठवडाभर राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. शूलर यांनी १९०७ च्या डिसेंबरात पाहुण्यांना शिकविण्यासाठी एका तरुणाला कामावर ठेवले. तो तरुण म्हणजे अवघ्या १७ वर्षांचा हानेस.

त्याकाळी स्कीइंगचे दोन पंथ होते. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातून आलेली पद्धत डौलदार खरी. पण एक पाय पुढे घेऊन, गुडघा वाकवून वळण्याची ती रीत नॉर्वेच्या सौम्य टेकड्यांना साजेशी होती. आल्प्सच्या उभ्या उतारांवर ती अपुरी पडे. दुसरी पद्धत माथियास झ्दार्स्की यांची. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे त्यांनी एकाच काठीच्या आधाराने, पट्ट्यांची मागची टोके फाकवून वेग आवरण्याची रीत बसविली होती आणि शेकडो लोकांना ती शिकविलीही होती. गेओर्ग बिलगेरी या लष्करी अधिकाऱ्यानेही त्यात भर घातली होती. श्नायडर यांनी शून्यातून सुरुवात केली, असे म्हणणे या पूर्वसूरींवर अन्याय करणारे ठरेल. श्नायडर यांचे वेगळेपण असे, की सेंट अँटनच्या उतारांवर रोज नवे शिकाऊ हाताळताना कोणती हालचाल माणसाला पाडते आणि कोणती सावरते, हे ते बारकाईने पाहत गेले.

त्यातून जी रीत सिद्ध झाली ती आर्लबर्ग पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. ताठ उभे न राहता गुडघे वाकवून शरीर खाली आणावयाचे, भार पुढे ठेवावयाचा आणि उताराला घाबरून मागे रेलावयाचे नाही, हा तिचा पाया. प्रथम पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून, नांगराच्या फाळासारखा आकार करून थांबायला शिकावयाचे. मग त्याच आकारातून एका पायावर भार देऊन वळावयाचे. ते अंगवळणी पडले, की वळणाच्या शेवटी पट्ट्या समांतर आणून वेगाने निसटावयाचे. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरी नाही. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे या क्रमाने मूल वाचायला शिकते, तसाच हा प्रकार.

पहिल्या महायुद्धाने या प्रयोगाला वेगळीच कसोटी लावली. श्नायडर यांना लष्करात जावे लागले आणि पुढे पर्वतीय तुकड्यांतील जवानांना स्कीइंग शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हॉटेलातील पाहुण्याला पडत-झडत शिकण्याची चैन परवडते, सैनिकाला ती परवडत नाही. थोड्या आठवड्यांत मोठ्या संख्येने माणसे तयार करावयाची, तर प्रत्येक शिक्षकाने आपापल्या लहरीप्रमाणे शिकवून चालणार नव्हते. सर्वांनी एकच क्रम, एकच शब्द आणि एकच दुरुस्ती वापरली पाहिजे, हा धडा श्नायडर यांनी युद्धातून आणला.

युद्ध संपल्यावर १९२० च्या दशकाच्या आरंभी सेंट अँटनमध्ये त्यांची स्कीशाळा रीतसर उभी राहिली. शिकायला येणाऱ्यांची प्रथम पारख होई आणि कुवतीनुसार त्यांचे वर्ग पाडले जात. पैसेवाला असो वा उमराव, ज्याला नीट थांबता येत नाही त्याने नवशिक्यांच्या वर्गातच बसावयाचे. प्रगती दिसली, की वरच्या वर्गात बढती. शिक्षकांची निवड आणि तयारी श्नायडर स्वतः करीत. शिस्त कडक होती. काहींना ती लष्करी छापाची वाटे, आणि ते अगदीच चूक नव्हते. पण त्या शिस्तीमुळेच एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नसे.

या शाळेची कीर्ती दूरवर नेली ती चित्रपटांनी. आर्नोल्ड फांक हा जर्मन दिग्दर्शक डोंगर आणि बर्फ यांनी झपाटलेला होता. १९२० पासून त्याने श्नायडर यांना घेऊन चित्रपट काढले. १९३१ च्या एका चित्रपटात लेनी रीफेनश्टाल ही अभिनेत्री त्यांची सहकलाकार होती. पुढे नाझी राजवटीचे प्रचारपट काढणारी हीच ती. फांक यांच्या चित्रफितींतून निवडलेल्या छायाचित्रांच्या साह्याने दोघांनी १९२५ मध्ये स्कीइंगवर एक पुस्तकही सिद्ध केले. हालचालीचा एकेक क्षण सुटा करून दाखविण्याची ही युक्ती शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाची होती. जे शिक्षकाच्या अंगात होते ते आता कागदावर उतरले आणि सेंट अँटनला कधीही न आलेल्या माणसालाही ते पाहता येऊ लागले.

१९२८ मध्ये ब्रिटिश स्कीपटू आर्नोल्ड लन यांच्या सहकार्याने श्नायडर यांनी आर्लबर्ग-कंदाहार ही शर्यत सुरू केली. आल्प्समधल्या शर्यतीत अफगाणिस्तानातले कंदाहार कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांनी १९११ मध्ये स्की शर्यतीसाठी एक चषक दिला होता. त्यावरून लन यांच्या क्लबाला कंदाहार हे नाव मिळाले आणि त्या क्लबावरून या शर्यतीला. उतारावरील वेगाच्या शर्यतींना जगन्मान्यता मिळवून देण्यात या स्पर्धेचा मोठा वाटा आहे. १९३० मध्ये श्नायडर जपानला जाऊन शिकवून आले. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेत बंदिस्त सभागृहात कृत्रिम उतार उभारून भरविलेल्या हिवाळी खेळांच्या प्रदर्शनातही त्यांनी भाग घेतला.

या यशात आणखी एका माणसाचा हिस्सा होता. त्याचा उल्लेख केल्यावाचून ही कहाणी पुरी होत नाही. रुडॉल्फ गोम्पर्त्स हे व्हिएन्नाचे अभियंते १९०५ मध्ये आर्लबर्गला आले आणि तिथलेच झाले. श्नायडर उतारावर माणसे घडवीत असताना गोम्पर्त्स गाव घडवीत होते. पर्यटकांची व्यवस्था, प्रसिद्धी, मार्गदर्शक पुस्तिका, क्लबाचा कारभार या साऱ्यांत त्यांचा हात असे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर एकाकडे साहसी खेळाचे नेतृत्व होते आणि दुसऱ्याकडे स्की केंद्राचे व्यवस्थापन. १९३३ मध्ये हिटलर सरकारने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या जर्मन पर्यटकांवर हजार मार्कांचा जबर कर बसविला. त्या देशाचा पर्यटन व्यवसाय मोडावा, हा त्यामागचा हेतू. जर्मनांवर अवलंबून असलेल्या ऑस्ट्रियातील गावांवर संकट कोसळले. सेंट अँटन तगून राहिले याचे एक कारण म्हणजे श्नायडर यांच्या नावामुळे इंग्लंड-अमेरिकेतून येणारे पाहुणे. १९३७ च्या डिसेंबरात गाल्त्सिग डोंगरावर नेणारा रोपवेही तेथे सुरू झाला.

पण वाळवी घरातच लागली होती. नाझी विचारांचे लोण गावात पोचले होते आणि श्नायडर यांच्या शिक्षकांतही त्याचे पाठीराखे होते. श्नायडर यांनी आपल्या शाळेत त्या प्रचाराला थारा दिला नाही. गोम्पर्त्स जन्माने ज्यू वंशाचे. त्यांच्याशी असलेला स्नेहही श्नायडर यांनी तोडला नाही. त्याची किंमत लवकरच चुकवावी लागली. १२ मार्च १९३८ रोजी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि त्याच सुमारास श्नायडर यांना अटक करून लांडेकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. आर्लबर्ग-कंदाहारची शर्यत नेमकी त्याच वेळी सेंट अँटनला व्हावयाची होती. ज्याने ही शर्यत उभी केली तो तुरुंगात असताना ती घ्यावयाची नाही, असे ठरवून लन यांनी ती रद्द केली. त्या दिवसांत युरोपातील मोठमोठी सरकारे मूग गिळून बसली होती, हे लक्षात घेतले म्हणजे खेळाच्या मैदानातील या नकाराचे मोल कळते.

काही आठवड्यांनी श्नायडर तुरुंगातून सुटले, पण मोकळे झाले नाहीत. एका जर्मन वकील स्नेह्याच्या हमीवर त्यांना बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे नजरकैदेत राहावे लागले. सेंट अँटनला परतण्याची मुभा नव्हती. सुटकेचा मार्ग अखेर निघाला तो अमेरिकेतून. नॉर्थ कॉनवेचे सुपुत्र हार्वे गिब्सन हे न्यू यॉर्कमधील एका मोठ्या बँकेचे अध्यक्ष होते. जर्मनीकडे अडकलेल्या अमेरिकी कर्जांच्या वाटाघाटींत त्यांचा शब्द चालत असे. आपल्या मूळ गावी त्यांनी क्रॅनमोर डोंगरावर स्की केंद्र काढले होते आणि श्नायडर यांचे शिष्य बेनो रिबिझ्का तेथील परिसरात आधीच शिकवीत होते. गिब्सन यांनी आपले वजन खर्ची घातले आणि श्नायडर कुटुंबाला अमेरिकेला जाऊ देण्यास जर्मन सरकार राजी झाले. स्थानकावरील काठ्यांची ती कमान हे या प्रयत्नांचे फळ.

गोम्पर्त्स यांच्यासाठी मात्र कुणाचेही वजन कामी आले नाही. त्यांना आर्लबर्ग सोडावयास लावून व्हिएन्नाला धाडण्यात आले. मे १९४२ मध्ये तेथून त्यांची रवानगी मिन्स्कजवळील माली ट्रोस्टिनेट्स येथे झाली आणि पोचताच त्यांना ठार मारण्यात आले. ज्या गावाला त्यांनी जगाच्या नकाशावर आणले, त्या गावाने त्यांचे स्मरण उघडपणे करावयास पुढे अनेक दशके घेतली.

क्रॅनमोर हा आल्प्सच्या तुलनेत ठेंगणा, झाडीने वेढलेला डोंगर. हिमनद्या नाहीत, उघडे माळ नाहीत. दुसरा एखादा खचला असता. श्नायडर यांनी तेथे झाडे तोडून रुंद उतार मोकळे करण्याकडे आणि जमीन साफ करून घेण्याकडे लक्ष पुरविले. कारण गुळगुळीत जमिनीवर थोडा बर्फही पुरतो आणि नवशिक्याला वळायला जागा मिळते. डोंगरावर चढण्यासाठी तेथे १९३८ पासून एक गमतीदार यंत्र होते. लाकडी मार्गावरून छोट्या रंगीत गाड्या माणसांना वर ओढून नेत. बोस्टनहून खास रेल्वेगाड्या भरभरून लोक येत, सकाळी शिकत आणि संध्याकाळी परतत. शिकविण्याची रीत, उताराची मशागत, वर जाण्याची सोय आणि येण्याजाण्याची व्यवस्था या चारही गोष्टी एकमेकींना पूरक असल्या, तरच असे केंद्र चालते. आज हेच सूत्र वर्गात फळ्यावर लिहून शिकवितात.

दरम्यान त्यांचे शिष्य अमेरिकाभर पांगले. ओटो लांग पश्चिम किनाऱ्याकडील डोंगरांत शिकवू लागले. फ्रीडल फायफर आयडाहो राज्यातील सन व्हॅलीची स्कीशाळा पाहू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १० वी पर्वतीय डिव्हिजन उभारली आणि तिचे प्रशिक्षण लेडव्हिलजवळच्या कँप हेल येथे झाले. श्नायडर यांचा मुलगा हर्बर्ट आणि शिष्य फायफर हे दोघेही या डिव्हिजनमध्ये होते. युद्धात जखमी होऊन परतलेल्या फायफर यांनी अ‍ॅस्पेन या ओसाड पडत चाललेल्या खाणगावात स्की केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. डिव्हिजनचे इतर अनेक जवानही युद्धानंतर याच व्यवसायात शिरले. कोलोरॅडोत या खेळाचे उद्योगात रूपांतर झाले ते असे. ज्या लेडव्हिलमध्ये पुढे महाविद्यालयाने हा विषय शिकवायला घेतला, त्याच्या शेजारीच ही पिढी तयार झाली होती. एका ऑस्ट्रियन हॉटेलवाल्याने ठेवलेल्या १७ वर्षांच्या पोरापासून महाविद्यालयाच्या वर्गखोलीपर्यंत येणाऱ्या वाटांपैकी ही एक वाट.

श्नायडर पुढे नॉर्थ कॉनवेतच राहिले आणि शिकवीत राहिले. २६ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. शाळा हर्बर्ट यांनी सांभाळली आणि पुढे क्रॅनमोरच्या कारभाराची धुराही त्यांच्याकडे आली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. श्नायडर यांची वळण्याची रीत त्यांच्या हयातीतच मागे पडू लागली होती. १९३० च्या दशकात ऑस्ट्रियाच्याच टोनी झेलोस यांनी दोन्ही पट्ट्या सुरुवातीपासून समांतर ठेवून वळण्याची कला सिद्ध केली, फ्रेंचांनी त्यावर आपली स्वतंत्र पद्धत रचली आणि शर्यतीच्या मैदानात आर्लबर्गचे वळण जुने ठरले. शिकविण्याचा क्रम मात्र जुना झाला नाही. आधी थांबायला शिकवा, मग वळायला आणि अखेरीस वेग घ्यायला. विद्यार्थ्याला त्याच्या कुवतीच्या वर्गात बसवा. शिक्षकाला आधी शिकवा. आणि ज्या जमिनीवर शिकवावयाचे ती आधी तयार करा. जगातल्या कोणत्याही स्कीशाळेत सकाळी नवशिक्यांचा वर्ग भरतो तेव्हा या चार नियमांची उजळणी होत असते.

राजसत्तेने त्यांच्याकडून गाव घेतले, शाळा घेतली, मित्र घेतला. या यादीत विद्या तेवढी राहिली नाही. कारण ती एका इमारतीत वा एका डोंगरावर साठवलेली नव्हती, शिष्यांच्या अंगात मुरलेली होती. खरा शिक्षक आपल्या माघारी काय ठेवतो, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर शोधूनही सापडणार नाही.